जुन्या गाडीला नवी चाके

२०२३ मध्ये मुंबईतून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. पण काही घरांत प्रीमियर पद्मिनी अजून जिवापाड जपलेली आहे. तिला चकचकीत अलॉय चाके बसवण्याची हौस अनेकांना असते. जरूर बसवा, मात्र आधी चाकाच्या आत पाहा. तिथे ड्रम ब्रेक आहे.

ब्रेक दाबला की आतले शू ड्रमला घासतात आणि ड्रम तापतो. घाट उतरताना तो फार तापला, तर प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो. पेडल खोल जाते, लायनिंगची पकडही कमी होते. म्हणून ड्रमभोवती हवा खेळायला हवी.

बोल्टची भोके जुळली म्हणजे चाक बसले, असे नव्हे. ते ड्रमवर सपाट टेकते का, हाताने फिरवताना कुठे घासते का, हे पाहावे. बोल्ट आखूड असले तर आटे पुरेसे धरत नाहीत. फार लांब असले तर आतल्या भागांना लागू शकतात. टायरसह चाकाचा व्यास मूळ चाकाएवढाच ठेवावा. तो वाढला की तोच ब्रेक कमी पडतो.

बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळावेत. पहिली फेरी मोकळ्या, सपाट रस्त्यावर सावकाश मारावी. घाटाचा बेत त्यानंतर.