सायलेन्सरचा गंज: आवाजापेक्षा वायूचा धोका मोठा
पेट्रोल जळताना पाण्याची वाफही निर्माण होते. शहरातील लहान फेऱ्यांत सायलेन्सर पुरेसा तापत नाही. साहजिकच आत साचलेले पाणी पत्र्याला गंज चढवते आणि अखेर छिद्र पडते. छिद्र लहान असल्यास घरच्या घरी तात्पुरती दुरुस्ती शक्य आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सपाट जागी मोटार जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी. तारेच्या ब्रशने गंज खरवडून उष्णता सहन करणारी पुट्टी भरावी. पत्रा दाबताच चुरत असेल, तर तो भाग बदलणेच श्रेयस्कर. गळतीकडे दुर्लक्ष केल्यास कार्बन मोनॉक्साइड मोटारीत शिरू शकतो. हा गंधहीन वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणूनच बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवून दुरुस्तीची परीक्षा कधीही घेऊ नये.