काळ्या मातीचा किल्ला आणि न घडलेला शिपाई

विदर्भातील सेलूसारख्या कपाशीच्या मुलखात दिवाळीचा किल्ला उभारणे हे लाल मातीच्या प्रांतातील मुलांना वाटेल तितके सुकर नाही. कारण आमची काळी माती ओली असता हाताला चिकटून राहते आणि वाळली म्हणजे तटाबुरुजांना अशा भेगा पडतात, की वसुबारसेला बांधलेला किल्ला भाऊबीजेपर्यंत दोनदा लिंपावा लागतो. लहानपणी आम्ही त्या मातीत कुटार कालवीत असू, विटांच्या तुकड्यांवर भिजलेले पोते पांघरून उतारावर मोहरी पेरीत असू, आणि सारी सिद्धता झाल्यावर कुंभाराकडील मावळे जागोजागी पहाऱ्यास बसवीत असू. सिंहासनस्थ महाराज बुरुजाहून उंच दिसत. पण त्या वयातील भक्तीला ते प्रमाण योग्यच वाटे.

युद्धाची लघुप्रतिमा करण्याची ही हौस मानवजातीइतकी नसली तरी पुष्कळच जुनी आहे. इजिप्तमधील असयूत येथे मेसेहती नामक अधिकाऱ्याच्या थडग्यात चाळीस भालाईत आणि चाळीस न्यूबियन धनुर्धर अशा लाकडी पलटणी सापडल्या, त्यांचे वय सुमारे चार हजार वर्षांचे. एकोणिसाव्या शतकात न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी कथलाचे चपटे, सुमारे ३० मिलिमीटर उंचीचे शिपाई सर्वत्र रूढ केले. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटनने आतून पोकळ ओतकाम साधून ते स्वस्त केले. आणि आज प्लॅस्टिकच्या संचांत डोके, धड, हात, शस्त्रे सुटी येतात, ती जोडून, गणवेशाचा रंग ग्रंथांतून पडताळून संग्राहक एकेक शिपाई सिद्ध करतो.

परंतु या साऱ्यांत मला आदरणीय वाटतो तो विल्यम सायबोर्न हा इंग्रज लष्करी अधिकारी. वॉटर्लूच्या रणभूमीवर आठ महिने मुक्काम ठोकून त्याने जमिनीची मोजणी केली, हयात अधिकाऱ्यांना पत्रे धाडून त्यांची पथके नेमकी कोठे उभी होती याच्या कैफियती गोळा केल्या, आणि सत्तर हजारांहून अधिक इवल्या धातुमूर्तींची प्रतिकृती १८३८ मध्ये लंडनकरांपुढे मांडली. प्रशियन फौजेला त्याने दिलेले स्थान त्या लढाईतील इंग्रज सेनापती खुद्द वेलिंग्टनला रुचले नाही. नखाएवढे शिपाई कोठे उभे करावे यावरून एवढा वाद व्हावा, यातच या कलेची प्रतिष्ठा आहे; कारण मूर्ती लहान असली तरी तिची जागा ही इतिहासाची साक्ष असते.

आणि हा वेलिंग्टन आम्हां वैदर्भीयांस परका नाही. वॉटर्लूच्या बारा वर्षे आधी, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी, आर्थर वेलस्ली या नावाने त्याने अडगावास नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड घेतला, तेथे किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. पुढे १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांच्या पदरची अरब शिबंदी इंग्रजांशी झुंजली; धाकटी टेकडी तिने काबीज केली होती, ती पुन्हा गेली. यांतील एकही प्रसंग दिवाळीच्या किल्ल्यावर मांडलेला माझ्या पाहण्यात नाही. बाजारात मिळतो तो ढालतलवारीचा मावळा, आणि तो मिळावाच. पण बेनीसिंग मिळत नाही, अरब शिपाई मिळत नाही, भोसल्यांचा गोलंदाज मिळत नाही. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात नोंदविले, त्यांतही विदर्भातील एक नाही. तेव्हा आमच्या रणभूमींची आठवण आम्हीच राखली पाहिजे.

साधनांची उणीव म्हणावी तर तीही नाही. आमच्याच तालुक्यातील सिंदी रेल्वे येथे तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदींची मिरवणूक निघते, आणि या सणाचा आरंभ परंपरेने ज्यांच्या नावे सांगितला जातो, ते दुसरे रघूजी भोसले म्हणजे अडगावी ज्यांची फौज हरली तेच. जो सुतार नंदीचे वशिंड इतक्या डौलाने कोरतो, त्याला बोटभर उंचीचा बंदूकधारी घडविणे अवघड जाईल असे मला वाटत नाही. त्याला कोणी सांगितले मात्र पाहिजे.

म्हणून सेलूच्या पालकांना माझी विनंती आहे, की येत्या दिवाळीत मुलांना एका किल्ल्याशेजारी काळ्या मातीच्या दोन टेकड्या, एक थोरली आणि एक धाकटी, रचू द्याव्यात, आणि धाकटीवर उभे करायचे शिपाई पोळा आटोपताच सुताराकडे सांगून ठेवावेत.