पीसी जेव्हा ‘टर्मिनल’ होतो

विद्यापीठे, बँका आणि संशोधन संस्थांतील मोठे संगणक आजही युनिक्स किंवा तिच्याच वळणाच्या लिनक्स प्रणालीवर चालतात. हे यजमान संगणक दूर कुठेतरी वातानुकूलित खोलीत असतात आणि त्यांच्यापुढे बसून सहसा कोणी काम करीत नाही. आपल्या टेबलावरील पीसीवरून त्यांच्याशी संवाद साधण्याची वाट म्हणजे ‘टर्मिनल इम्युलेशन’, म्हणजेच पीसीने टर्मिनलचे सोंग घेणे.

युनिक्स १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये आकाराला आली. एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे, ही तिची घडण. प्रत्येकापुढे असे ते केवळ टर्मिनल. दाबलेले अक्षर यजमानाकडे धाडायचे आणि तिकडून आलेले दाखवायचे, एवढेच त्याचे काम. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ मध्ये आणलेले ‘व्हीटी-१००’ हे टर्मिनल इतके रुळले की, ते यंत्र अडगळीत गेले तरी त्याची भाषा मागे उरली. पडदा पुसणे, कर्सर हलविणे यासाठी यजमान ‘एस्केप’ या चिन्हाने सुरू होणारे संकेत पाठवितो आणि पीसीवरील प्रोग्रॅम त्यांचा अर्थ लावतो. उभयतांची समजूत जुळली नाही, की पडद्यावर कंस आणि आकड्यांचा कचरा दिसू लागतो. अशा वेळी यंत्र बिघडल्याची शंका घेण्याआधी टर्मिनलचा प्रकार योग्य निवडला आहे का, ते पाहावे. मराठी मजकुरासाठी अक्षरसंच ‘यूटीएफ-८’ ठेवावा; तरीही जोडाक्षरे नीट दिसतीलच असे नाही, कारण मुळात ही चौकट रोमन अक्षरांसाठी आखलेली आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा सुरू झाली. त्या काळात ‘शेल अकाऊंट’ घेतलेल्यांना हा अनुभव नवा नाही. मोडेमने नंबर फिरवायचा आणि निगमच्या यजमानावर ई-मेल वाचायची. पीसी नुसती अक्षरे दाखवीत असे.

जुन्या ‘टेलनेट’ पद्धतीत मोठा धोका होता. पासवर्डसह सारा मजकूर उघडा प्रवास करी. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर तेथील तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ‘एसएसएच’ तयार केले. त्यात संभाषण सांकेतिक रूपात जाते. टेलनेटचे पोर्ट २३, तर याचे २२. सायमन टॅथम यांचा ‘पुट्टी’ हा मोफत प्रोग्रॅम त्यासाठी प्रसिद्ध आहे. विंडोज १० मध्ये तर २०१८ पासून ही सोय अंगभूतच मिळू लागली.

पहिल्यांदा जोडणी करताना यजमानाच्या किल्लीचा ‘ठसा’ दाखवून पुढे जायचे का, असे विचारले जाते. बहुतेक जण न वाचताच होकार देतात, आणि इथेच फसगत होऊ शकते. तो ठसा यंत्रणा सांभाळणाऱ्या व्यक्तीला फोनवर विचारून ताडून पाहावा. पुढे कधी ‘किल्ली बदलली आहे’ असा इशारा आला, तर यजमानावर प्रणाली नव्याने बसविलेली असू शकते. मात्र मध्येच कोणी यजमान असल्याची बतावणी करीत आहे, हीही शक्यता उरते. खात्री होईपर्यंत पासवर्ड देऊ नये. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, याने मात्र गोंधळून जाऊ नये. ती रीतच आहे.

जोडणी तुटली तर सुरू असलेले कामही बहुधा थांबते. लांबलचक काम असल्यास ते यजमानावरील ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ या प्रोग्रॅममध्ये सुरू करावे. पीसी बंद केला तरी ते तिकडे चालू राहते.