अमेरिकेची शाळा (भाग 5) : झाकलेला शब्द

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं, की अमेरिकेतल्या सरकारी शाळांचा बराचसा पैसा त्या-त्या गावच्या मालमत्ता करातून येतो. आजचा वाद पैशाचा नाही, वाचनाचा आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवायचं कसं, यावरून त्या देशात सत्तर वर्षं भांडण चालू आहे आणि आता त्यावर राज्याराज्यांत कायदे होत आहेत.

2020 च्या मार्चमध्ये मी मुलीकडे न्यू जर्सीला होते. विमानं बंद झाली आणि सहा महिने तिथेच अडकले. नात पहिलीत होती. तिची शाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर, लॅपटॉपसमोर भरायची. मी स्वतः आयुष्यभर पहिली-दुसरीलाच शिकवलं, त्यामुळे भाजी निवडता निवडता कान तिकडे लागलेलेच असायचे. एकदा बाईंनी चित्रांचं पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं. चित्रात एक टुमदार घर, खाली एक ओळ आणि त्यातल्या एका शब्दावर पिवळी चिकटचिठ्ठी. बाई म्हणाल्या, ‘चित्र बघा. इथे कोणता शब्द शोभेल?’ मग चिठ्ठी जराशी सरकवून त्यांनी पहिलं अक्षर दाखवलं, एच. नात म्हणाली, ‘हाऊस!’ चिठ्ठी निघाली. शब्द होता ‘होम’. बाई म्हणाल्या, ‘शाब्बास, अर्थ बरोबर लागला.’

संध्याकाळी मी तसलंच एक पुस्तक घेतलं आणि चित्रावर तळहात ठेवला. पोर अक्षरांकडे बघेचना. माझ्या बोटांच्या फटीतून चित्र दिसतंय का, ते शोधत राहिली.

बाईंची यात काही चूक नव्हती. त्यांना हेच शिकवलेलं होतं. केनेथ गुडमन या अभ्यासकाने 1967 मध्ये मांडलं, की वाचन हा एक प्रकारचा अंदाजाचा खेळ आहे. चांगला वाचक प्रत्येक अक्षर वाचत नाही, संदर्भावरून ताडतो. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांचं कामही याच वाटेने गेलं. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या ल्युसी कॅल्किन्स यांचा अभ्यासक्रम देशभरच्या हजारो शाळांत पोचला. मुलांभोवती छान पुस्तकं ठेवा, त्यांना गोडी लावा, वाचन आपोआप येईल, असा या साऱ्यांचा विश्वास होता. हेतू चांगला होता, हे मला मान्यच आहे.

पण इंग्रजीची अडचण आपल्याला चटकन कळणार नाही. आपला क सगळीकडे कच. एकदा बाराखडी पक्की झाली, की मूल दुकानाची पाटीही वाचतं. इंग्रजीतला सी ‘कॅट’मध्ये क, ‘सिटी’मध्ये स आणि पुढे एच आला की ‘चेअर’मध्ये च, ‘मशीन’मध्ये श. ज्या भाषेत अक्षर आणि उच्चार यांची सांगड इतकी अवघड, तिथे ती सर्वांत जास्त चिकाटीने शिकवायला हवी. नेमकं तेच सुटलं. रुडॉल्फ फ्लेश यांनी 1955 मध्येच पुस्तक लिहून हे बजावलं होतं. अमेरिकी काँग्रेसच्या सांगण्यावरून नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळानेही 2000 साली सांगितलं, की अक्षर-उच्चार क्रमवार शिकवले तर मुलं अधिक चांगली वाचतात. तरीही असंख्य वर्गांमधली चिकटचिठ्ठी निघाली नाही. 2022 मध्ये एमिली हॅनफर्ड या पत्रकार बाईंनी ‘सोल्ड अ स्टोरी’ या श्राव्यमालिकेतून हे घराघरात पोचवलं, तेव्हा पालक खवळले. वर्षभरात कोलंबियाने कॅल्किन्स यांचा तो प्रकल्प बंद केला.

आता मिसिसिपीकडे येऊ. देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी हे एक. चौथीच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत 2013 साली त्याचा क्रमांक 49 वा होता. त्याच वर्षी तिथे कायदा झाला, की तिसरीच्या अखेरीला मुलाला वाचता आलं नाही, तर चौथीत पाठवायचं नाही. 2019 मध्ये मिसिसिपीने देशाची सरासरी गाठली आणि 2024 मध्ये ते राज्य नवव्या क्रमांकावर होतं.

वाद पेटला तो या नापास करण्यावरून. आपल्याकडे ‘ढकलपास’वरून जे होतं, तेच तिथेही झालं. टीकाकार म्हणतात, कच्ची मुलं एक वर्ष मागे ठेवलीत, ती वर्षाने मोठी होऊन चाचणीला बसली, तर सरासरी वाढणारच. आक्षेप वजनदार आहे. पण राज्याचे गुण 2013 मधल्या 209 वरून 2015 मध्ये 214 झाले, तेव्हा तिसरीत रोखलेलं एकही मूल अजून चौथीत पोचलेलं नव्हतं. म्हणजे वर्गात काहीतरी आधीच बदललं होतं.

ते काय, हे मला महत्त्वाचं वाटतं. राज्याने शिक्षकांना पुन्हा विद्यार्थी केलं. शब्दातले ध्वनी कसे सुटे करायचे, कसे जोडायचे, हे त्यांना नव्याने शिकवलं. सर्वांत मागे पडलेल्या शाळांत वाचनाचे मार्गदर्शक पाठवले. हे लोक शेरे मारायला जात नसत, शिक्षिकेच्या शेजारी उभं राहून धडा घेऊन दाखवत. बालवाडीपासून वर्षातून तीनदा चाचपणी, मूल अडखळतंय असं दिसलं की पालकांना पत्र, आणि तिसरीची परीक्षा हुकली तर पुन्हा दोन संधी. शिक्षण संचालक कॅरी राइट जवळजवळ नऊ वर्षं त्या पदावर टिकल्या. वर्षाला सुमारे दीड कोटी डॉलर यावर खर्च झाले आणि अमेरिकेच्या हिशेबात ही रक्कम मोठी नाही.

इतर राज्यांनी यातला सोपा भाग आधी उचलला. मिशिगनने 2016 मध्ये तिसरीत रोखण्याचा कायदा केला आणि 2023 मध्ये ते कलम काढून टाकलं. न्यूयॉर्क शहराने 2023 पासून प्राथमिक शाळांना तीनच ठरावीक अभ्यासक्रमांतून निवड करायला लावली. आमच्या हातातलं स्वातंत्र्य गेलं, अशी तिथल्या काही शिक्षकांची तक्रार आहे. ज्या मुलांच्या घरी इंग्रजी बोललीच जात नाही, त्यांना नुसते उच्चार शिकवून शब्दांचा अर्थ कसा कळणार, हा प्रश्नही रास्त आहे. मिसिसिपीची आठवीची मुलं आजही देशाच्या सरासरीच्या खालीच आहेत. अक्षर फोडता आलं म्हणजे मजकूर समजला असं होत नाही. त्यासाठी इतिहास, विज्ञान, गोष्टी असं खूप काही कानावर पडावं लागतं.

आठ वर्षांच्या मुलाला सवंगड्यांपासून तोडून मागे बसवणं मला आजही पटत नाही. शिक्षक तयार न करता ते करणारं राज्य आपल्या चुकीची शिक्षा मुलाला देतं. पण वाचता न येणाऱ्या मुलाला गोड बोलून वर ढकलत राहणं त्याहून निर्दय आहे. 2024 च्या चाचणीत देशातली चौथीची 40 टक्के मुलं किमान पायरीच्याही खाली होती.

परदेशातले अनेक मराठी आईबाप हे सदर वाचतात, त्यांना एक सांगणं आहे. शाळेकडून येणाऱ्या प्रगतीपुस्तकावर विसंबू नका. आज रात्री मुलाला जवळ घ्या, त्याने कधी न पाहिलेलं पुस्तक उघडा, चित्रावर हात ठेवा आणि एक पान वाचायला सांगा.