गाळा भाड्याने घेताय? सही करण्याआधी एवढं वाचाच!



धंदा सुरू करायचा म्हटलं की आपण भांडवल, माल, बोर्ड, इन्स्टाग्राम पेज, सगळ्याचा विचार करतो. गाळ्याच्या कराराचा विचार मात्र शेवटच्या दिवशी. एजंट बोट ठेवेल तिथे सही करायची आणि मोकळं व्हायचं. आणि बघा, आपला सगळ्यात जास्त पैसा अडकतो तो त्याच गाळ्यात. डिपॉझिट, फर्निचर, लाइट फिटिंग. त्याहून मोठं म्हणजे जमवलेलं गिऱ्हाईक. गाळा सोडावा लागला तर डिपॉझिट परत मिळेल, पण गिऱ्हाईक टेम्पोत भरून दुसरीकडे नेता येत नाही.

म्हणून आज महाराष्ट्रातल्या गाळ्याच्या कराराबद्दल सविस्तर बोलू.

"११ महिन्यांचा करार आहे, रजिस्टर कशाला?"

हे वाक्य तुम्ही हमखास ऐकाल. ते आलं कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. म्हणून लोकांनी ११ महिन्यांची पळवाट काढली.

पण महाराष्ट्रात ही पळवाट चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत ११ महिने असो की ६०. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हेही लक्षात ठेवा.

नोंदणी करून घ्यायची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे मालक "राहू द्या हो" म्हणाला, तर त्याला हे शांतपणे सांगा. नोंदणी त्याच्याही फायद्याची आहे.

खर्च किती येतो?

लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी. समजा भाडं महिना २०,००० रुपये, मुदत ३६ महिने आणि परत मिळणारं डिपॉझिट १ लाख. हिशोब असा:

- एकूण भाडं: ७,२०,००० रुपये
- डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, ३ वर्षांचं: ३०,००० रुपये
- बेरीज: ७,५०,००० रुपये
- त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क: १,८७५ रुपये

नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये. एजंटची फी वेगळी. तीन वर्षांच्या धंद्याच्या सुरक्षिततेसाठी हा खर्च काहीच नाही. आधार वापरून ही नोंदणी ऑनलाइनही होते.

समोरचा माणूस खरंच मालक आहे का?

चावी हातात असणारा प्रत्येक जण मालक नसतो. सूची क्रमांक २, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो, तो मागा. घरपट्टीची पावती आणि वीजबिल बघा. नावं जुळतात का? गाळा दोन भावांच्या नावावर असेल तर दोघांची सही हवी, किंवा एकाकडे रीतसर कुलमुखत्यारपत्र हवं.

पगडीच्या गाळ्यात जास्त जपा. तिथे देणारा स्वतःच भाडेकरू असतो. मूळ मालकाच्या परवानगीशिवाय त्याला गाळा पुढे देता येत नाही. उद्या मूळ मालक दारात उभा राहिला तर तुमचं फर्निचर वाऱ्यावर.

गाळा दुकानासाठीच मंजूर आहे का?

इमारतीच्या मंजूर नकाशात ती जागा दुकान आहे की पार्किंग की राहण्याचा फ्लॅट, हे विचारा. रहिवासी जागेत दुकान टाकलं तर महापालिका आणि सोसायटी दोघेही हरकत घेऊ शकतात. गावाकडे रस्त्याकडेला गाळा घेत असाल तर सातबारा बघा. जमीन अकृषिक झाली आहे का, हा प्रश्न तिथे पहिला.

करारातल्या ५ ओळी

लीव्ह अँड लायसन्स म्हणजे काय तर जागा वापरायची नुसती परवानगी. जागेत तुमचा हक्क तयार होत नाही. म्हणून करारात जे लिहिलंय तेच तुमचं संरक्षण.

१. लॉक-इन: तुम्ही फर्निचरवर ३ लाख घालणार असाल तर ११ महिन्यांचा करार परवडत नाही. निदान ३ वर्षं मागा. लॉक-इन मालकावरही बंधनकारक आहे ना, ते वाचा. बरेचदा ते फक्त तुमच्यावर असतं.

२. नोटीस: दोन्ही बाजूंना सारखी मुदत हवी. १ महिन्यात नवा गाळा मिळणं अवघड, ३ महिने मागून बघा.

३. भाडेवाढ: "परस्पर संमतीने" असं मोघम नको. दरवर्षी किती टक्के, तो आकडा लिहून घ्या.

४. डिपॉझिट: जागा सोडल्यावर किती दिवसांत परत आणि कशाकशापोटी कापणार, स्पष्ट लिहा. पैसे चेकने किंवा बँकेतून द्या.

५. कर: घरपट्टी, मेंटेनन्स कोण भरणार? आणि जीएसटी? मालकाची जीएसटी नोंदणी नाही पण तुमची आहे, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी तुम्हीच भरायचा आहे. कंपोझिशनवाल्यांना पुढे यातून वगळलं. सीएला विचारून मगच भाडं ठरवा.

आता काय कराल?

टोकन देण्याआधी कराराचा मसुदा मागा. घरी आणा, दोनदा वाचा आणि एकदा वकिलाला दाखवा. वकिलाची फी जड वाटली तर ती डिपॉझिटच्या आकड्याशेजारी लिहून बघा. मालक म्हणाला, "आज सही करा, दुसरी पार्टी तयार आहे," तरी घाई करू नका. गाळे पुन्हा मिळतात.

तुमच्या करारातली एखादी अट समजत नसेल तर ती व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा. नाव-पत्ता मात्र टाकू नका. भेटू पुढच्या भागात!