शिबीर उठले, पुढे काय?



शाळेच्या व्हरांड्यात बाकांची रांग लागलेली असते. भिंतीवर लहानमोठ्या अक्षरांचा तक्ता टांगलेला असतो. शहरातून आलेले सेवा क्लबचे सभासद म्हाताऱ्या माणसांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवीत असतात. कोणी दुकानदार, कोणी वकील, कोणी बँकेतून निवृत्त झालेले. बाहेर चहाचे आधण चढलेले असते. नेत्रतपासणी शिबिराचे हे दृश्य आपल्या खानापूर तालुक्यातील गावांना आता नवे राहिलेले नाही. दुपारी तीनच्या सुमारास तक्ता उतरतो, कापडी फलक गुंडाळला जातो आणि गाड्या निघून जातात. मागे राहते ती एक यादी. ज्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, त्यांच्या नावांची.

आज मला त्या यादीविषयी बोलायचे आहे. पण आधी ही माणसे कोण आणि ती आपल्या गावात का येतात, हे पाहू.

क्लब म्हणजे काय?

1905 साली अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने काही व्यावसायिक मित्रांना एकत्र आणले. त्यातून रोटरी उभी राहिली. त्याच शहरातील विमा व्यावसायिक मेल्विन जोन्स यांना वाटले की, व्यापाऱ्यांनी एकत्र जमून केवळ आपापला धंदा वाढवायचा, एवढ्यावर थांबू नये. गावाचेही भले करावे. त्यांच्या पुढाकाराने 1917 साली लायन्सची स्थापना झाली. भारतात लायन्सचे काम 1956 साली सुरू झाले.

लायन्सने डोळ्यांचेच काम एवढ्या मनावर का घेतले, यालाही इतिहास आहे. 1925 साली ओहायो राज्यात त्यांचे अधिवेशन भरले होते. तेथे हेलन केलर बोलायला उभ्या राहिल्या. त्यांना दिसत नव्हते आणि ऐकूही येत नव्हते. अंधांचे काम आपले म्हणून हाती घ्या, अशी विनंती त्यांनी केली आणि सभासदांनी ती स्वीकारली. पुढे 1930 साली पिओरिया या शहरातील एका सभासदाने एका अंध गृहस्थाला रस्ता ओलांडताना धडपडताना पाहिले. त्याची काळी काठी मोटारवाल्यांना दिसतच नव्हती. तेव्हा क्लबने काठ्या पांढऱ्या रंगवून अंधांना वाटल्या. रंगाचा एक डबा आणि थोडी माणुसकी, एवढ्यावर ते काम झाले.

या क्लबांच्या कारभारातील दोन गोष्टी आपण समजून घ्याव्यात. पहिली, लोकांकडून जमविलेला पैसा लोकांच्याच कामी लागला पाहिजे, असा लायन्सचा दंडक आहे. क्लबचा स्वतःचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून भागवायचा असतो. दुसरी, त्यांचे वर्ष 1 जुलैला सुरू होते आणि 30 जूनला संपते. दरवर्षी अध्यक्ष बदलतो, चिटणीस बदलतो आणि पुष्कळदा कामाचा विषयही बदलतो. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

मोतीबिंदू आणि शिबीर

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील भिंग गढूळ होणे. स्वच्छ काचेवर वाफ धरावी तसे दिसू लागते. त्यावर थेंब नाहीत, गोळी नाही, पाला नाही. गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसविणे, हा एकच उपाय आहे.

एके काळी ही शस्त्रक्रिया शाळांत आणि धर्मशाळांत होत असे. शेजारच्या बागलकोट भागात जन्मलेले डॉ. एम. सी. मोदी गावोगाव नेत्रशिबिरे घेत हिंडले. 1968 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्या काळी भिंग काढून जाड काचांचा चष्मा देत. पण शाळेच्या खोलीत कितीही झाडलोट केली तरी जंतूंची भीती उरतेच. म्हणून आता गावात फक्त तपासणी होते आणि शस्त्रक्रिया रुग्णालयातच करतात. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 साली सुरू झाला. बिनफी शस्त्रक्रिया करणाऱ्या सेवाभावी संस्थांना त्यातून अनुदान मिळते.

म्हणजे शस्त्रक्रिया डॉक्टर करतात आणि बऱ्याच वेळा पैशाचा भार शासन उचलते. मग क्लब काय करतो? क्लब गाव आणि रुग्णालय यांची गाठ घालून देतो. तो डॉक्टरांना वेळ मागतो, गाडी ठरवितो, औषधे व चष्मे मिळवितो. हे काम दिसायला किरकोळ आहे. पण तेवढ्यावाचून कित्येक म्हातारी माणसे चुलीजवळ चाचपडत बसून राहतात.

एक म्हैस आणि एक डोळा

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे असेच शिबीर झाले. एका वाडीवरच्या आजीचे नाव यादीत आले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पूर्ण पिकलेला, डाव्यात धरू लागलेला. दहा-बारा दिवसांनी गाडी आली, पण आजी काही चढली नाही. पुढे एकदा मी घरी गेलो आणि विचारले, "आजी, त्या दिवशी का आला नाहीत?"

ती म्हणाली, "सुगीचे दिवस ओ फादर. लेक-सून भात कापायला. मी गेले तर म्हशीची धार कोण काढणार? आणि मला तिथं सोबत कोण?"

मी मान हलविली आणि "पुढच्या वर्षी नक्की जा" म्हणून परत आलो. पुढच्या वर्षी क्लबचे अध्यक्ष बदलले होते. नव्या मंडळींनी रक्तदानाचे काम हाती घेतले. तेही चांगलेच काम. पण आमची यादी कोणाच्या तरी फायलीत राहून गेली आणि मीही ती कधी मागितली नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात आजीचा उजवा डोळा लाल झाला, ठणकू लागला, डोके फुटेल असे दुखू लागले. रुग्णालयात नेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की, मोतीबिंदू अति पिकून डोळ्यातील दाब वाढला आहे. शस्त्रक्रियेने वेदना थांबली, पण त्या डोळ्याची दृष्टी परत आली नाही. पुढे डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि ती चांगली झाली. आजी आता एका डोळ्याने तांदूळ निवडते.

यात क्लबचा दोष नाही आणि डॉक्टरांचाही नाही. ते आपल्या दारापर्यंत आले होते. त्या दारापासून गाडीपर्यंतची वाट आमची होती, आणि ती आम्ही चाललो नाही. मी स्वतःही चाललो नाही.

गावाचा वाटा

तेव्हापासून आम्ही एक साधी वही ठेवली आहे. शिबिराच्या दिवशीच यादीची नक्कल त्या वहीत उतरवून घेतो. प्रत्येक नावापुढे दोन नावे लिहितो: सोबत कोण जाणार आणि घरची गुरे कोण पाहणार. महिला मंडळाच्या बाया आणि वाड्यावाड्यांतील तरुण मुले हे वाटून घेतात. जो गेला नाही त्याच्या नावापुढे कारण लिहितो. कारणे वाचली की डोळे उघडतात. सोबत नाही. मजुरी बुडते. भीती वाटते. आणि बाईमाणूस असेल तर, "आधी घरच्यांचे होऊ दे." गेल्या खेपेला यादीतले एकच नाव मागे राहिले; त्या गृहस्थाची साखर फार वाढली होती म्हणून डॉक्टरांनीच थांबविले. अध्यक्ष बदलले तरी वही गावातच राहते.

तारखेचेही असेच आहे. जागतिक दृष्टी दिन ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी असतो. म्हणून पुष्कळ क्लब त्या सुमारास शिबिरे घेतात. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे भातकापणीचे दिवस. आम्ही क्लबच्या मंडळींना तसे सांगितले. त्यांनी राग धरला नाही, उलट त्यांना ते ठाऊकच नव्हते. आता आमचे शिबीर मळणी आटोपल्यावर होते. उन्हाळ्यात डोळ्याचे ऑपरेशन चालत नाही, ही जुनी समजूत मात्र सोडून द्या. आजच्या पद्धतीत ऋतूचा अडसर नाही.

क्लब आला म्हणजे संकोच न करता तीन गोष्टी विचाराव्यात. शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात होणार? नंतरच्या तपासणीला कोण, केव्हा नेणार? रात्री-अपरात्री डोळा दुखू लागला तर फोन कोणाला करायचा? चांगल्या क्लबला हे प्रश्न आवडतात.

शस्त्रक्रियेनंतर घरी

1. थेंब सांगितलेल्या वेळेस आणि सांगितले तितके दिवस घाला. बरे वाटले म्हणून थांबवू नका. थेंब घालणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत.
2. डॉक्टर परवानगी देईपर्यंत डोक्यावरून पाणी घेऊ नका. डोळा चोळू नका.
3. चुलीचा धूर, मळणीची धूळ आणि गोठा यांपासून दूर राहा. जड ओझे उचलू नका.
4. डोळा दुखू लागला, लाल झाला, पाणी-पू येऊ लागला किंवा दिसणे कमी झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सकाळची वाट पाहू नका.
5. तपासणीची तारीख चुकवू नका आणि दुसरा डोळाही दाखवा.

शेतातली दुखापत

शेतकरी बंधुभगिनींना आणखी एक सांगावेसे वाटते. भाताचे कुसळ किंवा उसाचे पान डोळ्याला लागले की बुबुळावर ओरखडा उठतो. त्यात जंतू किंवा बुरशी शिरली तर फूल पडून दृष्टी जाऊ शकते. अशा वेळी आईचे दूध, एरंडेल, पाल्याचा रस यांतले काहीही डोळ्यात घालू नये. दुकानातून मनाने थेंबही आणू नयेत. काही थेंबांनी बुरशी अधिकच फोफावते. स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

नेपाळमधील भक्तपूर येथे गावातल्याच आरोग्यसेवकांना असे ओरखडे ओळखून साधे प्रतिजैविक मलम लावायला शिकविले होते. 2001 साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. दुखापतीनंतर 18 तासांच्या आत ज्यांना मलम मिळाले, त्यांपैकी एकाच्याही बुबुळाला जखम चिघळली नाही. उशिरा आलेल्यांपैकी काहींची चिघळली. आपल्या क्लबांनी नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखाली गावोगावच्या दोन-दोन तरुणांना असे शिकविले, तर शिबिराच्या एका दिवसाचे काम वर्षभर चालू राहील.

क्लबवाले फोटो काढतात, फलक लावतात, असे म्हणून काही जण नाक मुरडतात. काढू द्या की फोटो! फोटोतल्या आजीला दिसू लागले, तर तो फोटो सार्थकी लागला. डॉक्टर आणण्याचे काम त्यांनी केले आहे. ज्या घरी म्हैस आहे आणि धार काढायला दुसरे कोणी नाही, ते घर त्यांना कसे ठाऊक असणार? ते तुम्हाला ठाऊक आहे.

पुढच्या शिबिराला तुमच्या शेजारच्या आजीचे नाव यादीत आले, तर गाडीच्या दिवशी सकाळी तिच्या दारी जा. आणि जाताना धारेची चरवी घेऊनच जा.