अध्यक्ष एका वर्षाचे, काम तीन दशकांचे : सेवा क्लब आणि पोलिओमुक्तीचा धडा

दरवर्षी १ जुलै रोजी देशभरातील रोटरी आणि लायन्स क्लबांचे नवे वर्ष सुरू होते. गावोगावच्या सभागृहांत पदग्रहण सोहळे होतात, मावळते अध्यक्ष आपल्या गळ्यातील कॉलर नव्या अध्यक्षांच्या गळ्यात घालतात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत वह्यावाटप, वृक्षारोपण, रक्तदान व नेत्रतपासणी शिबिरांच्या बातम्या स्थानिक वृत्तपत्रांत झळकू लागतात. बरोबर एका वर्षाने हेच चित्र पुन्हा दिसते. फक्त अध्यक्ष बदललेले असतात.

या पद्धतीकडे पाहणाऱ्याच्या मनात एक रास्त शंका येते. ज्या संस्थेचे नेतृत्व दर बारा महिन्यांनी बदलते, ती मुलांसाठी आणि समाजासाठी टिकाऊ असे काही करू शकते का? भारताच्या पोलिओमुक्तीचा इतिहास या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर देतो. मात्र ते उत्तर काही अटींसह आहे, आणि त्या अटी समजून घेणे क्लबांच्या सदस्यांइतकेच देणगीदारांसाठीही महत्त्वाचे आहे.

सेवा क्लबांचा उगम

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांसह एक बैठक घेतली. वेगवेगळ्या व्यवसायांतील माणसांनी एकत्र यावे, स्नेह वाढवावा, एवढाच प्रारंभीचा हेतू होता. बैठका सदस्यांच्या कार्यालयांत आळीपाळीने होत, त्यावरून ‘रोटरी’ हे नाव पडले. परस्परांच्या व्यवसायाला हातभार लावण्यापुरती ही मैत्री मर्यादित राहिली नाही. लवकरच शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्यासाठी या क्लबने पुढाकार घेतला आणि सेवा हा त्याच्या कामाचा गाभा बनला.

त्याच शहरात १९१७ मध्ये मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने लायन्स क्लबांची संघटना स्थापन झाली. हेलन केलर यांनी १९२५ मध्ये लायन्सच्या अधिवेशनात दृष्टिहीनांच्या कार्यासाठी आवाहन केले. नेत्रसेवा ही या संघटनेची ओळख तेव्हापासून कायम आहे.

भारतातील पहिला रोटरी क्लब १९१९ मध्ये कोलकात्यात सुरू झाला. मुंबईत तो १९२९ मध्ये आणि पुण्यात १९३६ मध्ये आला. लायन्स चळवळीचा भारतातील प्रवास १९५६ मध्ये मुंबईतून सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर या क्लबांचे नेतृत्व आणि सदस्यत्व दोन्ही पूर्णपणे भारतीय झाले. कोलकात्याचे नितीश लाहारी १९६२-६३ मध्ये रोटरीचे आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाले. त्यांच्यानंतर राजेंद्र साबू, कल्याण बॅनर्जी आणि शेखर मेहता यांनी हे पद भूषविले. अहमदाबादचे रोहित मेहता १९९२-९३ मध्ये लायन्सचे आंतरराष्ट्रीय अध्यक्ष होते.

पैसा कसा उभा राहतो?

क्लबच्या पैशाचे ढोबळमानाने दोन भाग असतात. सदस्यांच्या वार्षिक वर्गणीतून बैठका, कार्यालय आणि वरिष्ठ संघटनेचे शुल्क भागवले जाते. लोकांकडून सेवेसाठी जमवलेला पैसा मात्र वेगळ्या खात्यात ठेवून सेवेवरच खर्च करावा, असा दंडक आहे. संगीत रजनी, नाटकाचा प्रयोग, मॅरेथॉन, दिवाळी मेळा यांतून मिळणारी रक्कम या दुसऱ्या खात्यात जाते.

बऱ्याच क्लबांनी त्यासाठी स्वतंत्र न्यास नोंदविलेले असतात. न्यासाला प्राप्तिकर कायद्यातील ८०जी सवलतीची मान्यता असल्यास जुन्या करप्रणालीत देणगीदाराला वजावट मिळते. मात्र दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रकमेच्या रोख देणगीवर ती मिळत नाही. परदेशातून मदत घ्यायची असेल, तर विदेशी अंशदान नियमन कायद्याखालील नोंदणी आवश्यक ठरते. २०१४ पासून कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचाही मोठा स्रोत उपलब्ध झाला आहे. कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे अपेक्षित असते आणि ही कामे त्या नोंदणीकृत संस्थांमार्फत करून घेऊ शकतात.

याखेरीज आंतरराष्ट्रीय पातळीवरील निधी असतो. रोटरी फाउंडेशनची कल्पना आर्च क्लंफ यांनी १९१७ मध्ये मांडली आणि तिच्या निधीत पडलेली पहिली देणगी अवघी साडेसव्वीस डॉलरची होती. आज या फाउंडेशनच्या जागतिक अनुदानासाठी किमान ३० हजार डॉलरचा प्रकल्प आखावा लागतो. ज्या देशात काम होणार तेथील एक क्लब आणि दुसऱ्या देशातील एक क्लब असे दोन भागीदार लागतात. स्थानिक गरजेची पाहणी आधी करावी लागते आणि प्रकल्प संपल्यावर तो कसा चालू राहील हेही सांगावे लागते. सदस्यांनी वार्षिक निधीत दिलेली रक्कम तीन वर्षे गुंतवून मग कामासाठी वापरली जाते. म्हणजे या वर्षीचा अध्यक्ष जो निधी जमवतो, तो खर्च करणारा अध्यक्ष दुसराच असतो.

पोलिओविरुद्धची दीर्घ लढाई

१९७९ मध्ये रोटरीने फिलिपिन्समधील सुमारे ६० लाख मुलांना पोलिओची लस देण्याचा पाच वर्षांचा प्रकल्प हाती घेतला. त्या अनुभवाच्या बळावर १९८५ मध्ये ‘पोलिओप्लस’ हा जागतिक कार्यक्रम जाहीर झाला. जगभरच्या सदस्यांकडून १२ कोटी डॉलर उभे करण्याचे उद्दिष्ट होते. १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाख डॉलर जमा झाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र आणि रोटरी यांनी पोलिओ निर्मूलनाचा जागतिक उपक्रम सुरू केला. तेव्हा सव्वाशेहून अधिक देशांत दरवर्षी अंदाजे साडेतीन लाख मुले पोलिओने अधू होत होती. दिवसाला जवळपास एक हजार मुले, असा हा हिशेब होता.

भारतात पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये देशव्यापी झाली. ठरलेल्या रविवारी पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाला तोंडावाटे दोन थेंब, हे तिचे स्वरूप घरोघरी परिचित झाले. एका राष्ट्रीय लसीकरण फेरीत सुमारे १७ कोटी मुलांपर्यंत पोहोचायचे असे आणि त्यासाठी २० लाखांहून अधिक लसटोचक व स्वयंसेवक रस्त्यावर उतरत. एवढे मनुष्यबळ उभे करणे शासनाच्या आरोग्य यंत्रणेमुळेच शक्य झाले. पुढील काळात या मोहिमेचा बहुतांश खर्चही भारत सरकारने स्वतः उचलला. मग क्लबांचा वाटा कोणता?

क्लबच्या सदस्यांनी काय केले?

तोंडावाटे द्यायची लस उष्णतेने निकामी होते. म्हणून ती बर्फाच्या पेटीतून न्यावी लागते आणि कुपीवरील चौकोनाचा रंग बदलला आहे का, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. गावातला एखादा सदस्य बर्फ पुरवी, दुसरा आपली जीप देई, तिसरा मंडप आणि खुर्च्या. शाळांतून प्रभातफेऱ्या निघत, ध्वनिक्षेपकावरून पुकारा होई. केंद्रावर येणाऱ्या मुलांच्या हातात शिट्टी किंवा फुगा पडे आणि डाव्या करंगळीवर शाईची खूण उमटे. ही कामे किरकोळ वाटतात, परंतु केंद्रावर गर्दी होणार की नाही, हे बऱ्याचदा त्यांवरच ठरत असे.

रविवारनंतरचे दिवस अधिक कठीण असत. पथके घरोघरी जात. सर्व मुलांना डोस मिळालेल्या घराच्या भिंतीवर ‘पी’ आणि मूल राहून गेले असल्यास ‘एक्स’ अशी खडूची खूण होई. एक्स खूण असलेल्या घरी पुन्हा जावे लागे. कोणाचे मूल मामाच्या गावी गेलेले असे, तर कोणी दारच उघडत नसे. उत्तर प्रदेशातील काही भागांत या लसीने वंध्यत्व येते अशी अफवा पसरली होती. ती केवळ डॉक्टरांच्या सांगण्याने दूर होण्यासारखी नव्हती. तेथे रोटरीने मुस्लिम उलेमांची समिती स्थापन केली. धर्मगुरूंनी मशिदींतून आवाहन केले, काहींनी लोकांसमोर मुलांना स्वतः थेंब पाजले आणि नकार देणारी कुटुंबे हळूहळू तयार होऊ लागली.

तरीही यश लवकर आले नाही. २००६ मध्ये देशात पोलिओचे ६७६ रुग्ण आढळले, २००७ मध्ये ८७४ आणि २००९ मध्ये ७४१. जगातील जवळपास निम्मे रुग्ण त्या वर्षी भारतात होते. इतक्या फेऱ्या होऊनही रोग हटत नाही, म्हणून ‘भारतात हे अशक्यच’ असे म्हणणारेही होते. उत्तर प्रदेश आणि बिहारमधील दाट वस्ती, अस्वच्छ पाणी आणि वारंवार होणारे अतिसार यांमुळे एका मुलाला अनेक डोस द्यावे लागत होते. मग सर्वाधिक जोखमीच्या तालुक्यांवर लक्ष केंद्रित झाले. कोसी नदीच्या पूरक्षेत्रात, वीटभट्ट्यांवर, रेल्वे स्थानकांवर आणि बसथांब्यांवर पथके पोहोचली. २०१० मध्ये सुधारित द्विसंयुजी लस वापरात आली आणि त्या वर्षी रुग्णसंख्या ४२ वर आली.

१३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका दोन वर्षांच्या मुलीला पोलिओ झाल्याचे आढळले. वन्य पोलिओ विषाणूचा तो देशातील अखेरचा रुग्ण ठरला. फेब्रुवारी २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला पोलिओग्रस्त देशांच्या यादीतून वगळले आणि २७ मार्च २०१४ रोजी संपूर्ण आग्नेय आशिया विभागासह भारताला पोलिओमुक्त घोषित करण्यात आले.

१९८५ ते २०१४ या काळात प्रत्येक क्लबचे सुमारे तीस अध्यक्ष बदलले असतील. तरीही काम तुटले नाही, कारण उद्दिष्ट कोणा एका अध्यक्षाचे नव्हते. ते संघटनेने स्वीकारलेले होते, शासनाच्या यंत्रणेशी जोडलेले होते आणि दरवर्षी येणाऱ्या रुग्णसंख्येच्या आकड्यावर तपासले जात होते.

मर्यादा कोणत्या?

सगळेच उपक्रम या कसोटीला उतरत नाहीत. शाळेला जलशुद्धीकरण यंत्र भेट देण्याचा समारंभ होतो. परंतु दोन वर्षांनी त्याचा फिल्टर कोणी बदलायचा, हे ठरलेले नसेल तर यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडते. तपासणी शिबिरात मुलाच्या डोळ्यांत दोष आढळला, पण चष्मा किंवा पुढील उपचार मिळालेच नाहीत, तर ते शिबिर कागदावरच यशस्वी ठरते. ज्याचे फळ आपल्याच कार्यकाळात दिसेल असे काम निवडण्याचा मोह एका वर्षाच्या पदामुळे बळावतो. वह्या स्वीकारणाऱ्या मुलांना ताटकळत उभे करून काढलेली छायाचित्रे हाही याच मोहाचा भाग आहे. मदत घेणाऱ्या मुलालाही आत्मसन्मान असतो, याचा अशा वेळी विसर पडतो.

या क्लबांची दारे बराच काळ सर्वांसाठी खुली नव्हती. सदस्यत्व प्रामुख्याने व्यापारी, डॉक्टर, वकील अशा सुस्थित पुरुषांपुरते होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ मधील निकालानंतर चित्र बदलले. लायन्सने त्याच वर्षी आणि रोटरीने १९८९ मध्ये महिलांना जगभर सदस्यत्व खुले केले. त्याआधीही रोटरी सदस्यांच्या पत्नींनी स्थापन केलेल्या इनर व्हील क्लबांतून महिलांचे सेवाकार्य सुरू होतेच. रोटरीच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्ष जेनिफर जोन्स यांनी मात्र २०२२ मध्ये सूत्रे हाती घेतली.

पुढचे काम

पोलिओचा धोका पूर्णपणे संपलेला नाही. अफगाणिस्तान आणि पाकिस्तान या दोन देशांत वन्य पोलिओ विषाणूचा संसर्ग अद्याप खंडित झालेला नाही. २०२४ मध्ये मेघालयात एका बालकाला लसजन्य पोलिओ झाल्याचे आढळले. तो वन्य विषाणू नव्हता, तरी लसीकरणात ढिलाई परवडणारी नाही, हे त्यातून पुन्हा स्पष्ट झाले. त्यामुळे ‘पोलिओ रविवार’ आजही पाळला जातो आणि नियमित लसीकरणाकडे लक्ष देणे तितकेच आवश्यक आहे.

पोलिओच्या लढ्यातून क्लबांना मिळालेली शिकवण इतर कामांनाही लागू पडते. कुपोषण, गोवर, मुलींची शाळागळती, बालकांचे दृष्टिदोष यांपैकी कोणताही प्रश्न बारा महिन्यांत सुटणारा नाही. अध्यक्ष होण्यापूर्वीच भावी आणि त्यापुढील अध्यक्षांनी मिळून तीन ते पाच वर्षांचा एकच कार्यक्रम ठरवला, तर पदाची मुदत अडसर ठरत नाही. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी, अंगणवाडीशी आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीशी तो जोडला गेला, तर क्लबच्या हातून सुटलेला धागा धरणारे कोणीतरी असते.

देणगीदारालाही काही साधे प्रश्न विचारता येतील. या कामाची मागणी कोणी केली? ते किती वर्षे चालणार? मागील अध्यक्षांनी सुरू केलेल्या प्रकल्पाचे आज काय झाले? सेवेच्या खात्याचा लेखापरीक्षित हिशेब पाहायला मिळेल का? ज्या क्लबजवळ या प्रश्नांची उत्तरे तयार असतात, तेथे दिलेला पैसा मुलांपर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक असते. पुढील १ जुलैला नवे अध्यक्ष कॉलर स्वीकारतील, तेव्हा त्यांच्या भाषणात नव्या उपक्रमांच्या यादीआधी जुन्या कामांचा हिशेब असावा, एवढी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.